१९६७ची मस्टँग की १९६८ची? आधी काऊलमध्ये पाणी ओतून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांना फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छत मागे थेट डिकीपर्यंत उतरत गेलेली) घ्यायची आहे आणि दोन गाड्या समोर आहेत. पहिली १९६७ची. आजवर कॅलिफोर्नियात राहिलेली, २८९ क्युबिक इंचाचं दोन बॅरल (म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटा) कार्ब्युरेटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक, रंग उन्हाने उडालेला. दुसरी १९६८ची. न्यू जर्सीतच वापरलेली, ३०२चं चार बॅरलचं इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, अंगावर नवाकोरा लाल रंग. दोन्हींची मागितलेली किंमत जवळपास सारखी. गाडी शनिवार-रविवारी स्वतः चालवायची आहे, उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन समुद्रावर जायचं आहे, मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. आणि विचारलंय एवढंच, की १९६७चं मॉडेल चांगलं की १९६८चं?

मी पेनसिल्व्हेनियात जुन्या फोर्ड गाड्यांचं पत्र्याचं आणि इंजिनाचं काम करतो. या दोन वर्षांच्या गाड्या माझ्याकडे सतत येत असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. पण तुम्ही विचारलेला प्रश्न आणि तुमच्यासमोरचा प्रश्न एक नाही. विचारताय दोन वर्षांबद्दल आणि निवडायच्या आहेत दोन गाड्या, ज्यांच्यावरून पन्नासहून जास्त पावसाळे-हिवाळे गेलेत. वर्षावर्षांत फरक आहे, आणि त्यातले दोन-तीन फरक तुमच्या वापरासाठी खरोखर महत्त्वाचे आहेत. पण पत्र्याच्या फरकापुढे ते लहान पडतात. म्हणून आधी वर्षांबद्दल बोलतो, मग या दोन गाड्यांबद्दल. गोंधळ नको म्हणून गाड्यांना कॅलिफोर्नियावाली आणि जर्सीवाली म्हणेन.

दोन्ही वर्षांचा सांगाडा एकच आहे. मस्टँगचा पहिला मोठा फेरबदल १९६७ साली झाला. समोर कॅमेरो आणि फायरबर्ड येत होत्या, आणि फोर्डला ३९०चं मोठं इंजिन या गाडीत बसवायचं होतं. म्हणून रुंदी ६८.२ इंचांवरून ७०.९ इंचांवर नेली, लांबी दोन इंचांनी वाढवली, चाकांमधलं अंतर १०८ इंचच ठेवलं. १९६८ला हेच अंग पुढे चालू राहिलं. दारं, छत, फरशीचा पत्रा, पुढची स्प्रिंग, मागचे पाटे, सगळं तेच. सुटे भाग विकणारे बहुतेक जण '१९६७-६८' असा एकच विभाग ठेवतात तो याच कारणाने. नव्या पत्र्यापासून आतल्या बटणापर्यंत या दोन वर्षांचं जवळपास सगळं मिळतं, अगदी फास्टबॅकचा आख्खा सांगाडाही नवा बनवून विकला जातो. तेव्हा 'अमुक वर्षाचे भाग मिळत नाहीत' ही भीती मनातून काढून टाका.

दिसण्याबद्दल पटकन सांगतो, कारण ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी ठरवणार आहात. १९६७च्या पुढच्या जाळीत घोड्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या आहेत, बॉनेटच्या कडेवर फोर्डची सुटी अक्षरं आहेत, मागच्या चाकाच्या पुढे हवा घेतल्याचा आव आणणारी दोन खोल तोंडं आहेत. १९६८ला अक्षरं गेली, जाळीतल्या आडव्या पट्ट्या गेल्या, बाजूच्या तोंडांच्या जागी एक बारीक क्रोमची पट्टी आली आणि स्टिअरिंग तीन आऱ्यांऐवजी दोन आऱ्यांचं झालं. पुढच्या फेंडरवर बाजूचे छोटे दिवे आणि मागे रिफ्लेक्टर आले. मला स्वतःला १९६७चा चेहरा जास्त आवडतो. त्यात एक राग आहे. बाजाराचा कलही बराचसा तिकडेच आहे. चित्रपटांनी दोन्ही वर्षांच्या फास्टबॅकचे भाव चढवले, पण १९६८चा चढा भाव मुख्यतः गडद हिरव्या रंगाच्या, ३९० इंजिनाच्या जीटीला मिळतो, लाल ३०२ला नाही. १९६७ला मस्टँग बनल्या ४,७२,१२१ आणि १९६८ला ३,१७,४०४. १९६७च्या शरद ऋतूत फोर्डच्या कामगारांचा संप झाला होता, त्याचाही या घसरणीत वाटा आहे. फास्टबॅक पहिल्या वर्षी सुमारे ७१ हजार, दुसऱ्या वर्षी सुमारे ४२ हजार. म्हणजे दुर्मीळ कोणती म्हणाल तर १९६८ची. पण साध्या इंजिनाच्या गाडीला या दुर्मीळपणाचे पैसे फारसे मिळत नाहीत.

आता ब्रेक. तुमच्या वापरासाठी पहिला खरा फरक इथे आहे. दोन्ही वर्षी ड्रम ब्रेकच मूळ सोय म्हणून मिळायचे आणि डिस्क वेगळे पैसे देऊन घ्यावे लागायचे. पण १९६७पर्यंतचे डिस्क चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरचे (चकती आवळणाऱ्या पकडीचे) होते. १९६८पासून फोर्डने एका पिस्टनचा सरकता कॅलिपर दिला. चार पिस्टन ऐकायला भारी वाटतात, ब्रेक धरतातही उत्तम. पण वर्षातले आठ महिने गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी शोषतं, चारातला एखादा पिस्टन अडकतो आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला खेचायला लागते. एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये बिघडण्याजोगं कमी आहे, त्याची डागडुजी घरीही होते आणि भाग स्वस्त आहेत. म्हणून कारखान्यातून डिस्क घेऊन आलेली १९६८ची गाडी मला त्याच प्रकारच्या १९६७च्या गाडीपेक्षा वापरायला बरी वाटते.

पण कॅलिफोर्नियावाली तर ड्रमची आहे. ड्रम नीट लावलेले असतील तर पहिला ब्रेक छान लागतो. दुसरा ठीक लागतो. उतारावर, गाडीत चार माणसं असताना, तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला पाय खोल जायला लागतो. ड्रम तापले की असंच होतं. एक चांगली गोष्ट अशी की १९६७पासून मस्टँगला दोन भागांचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे पुढची किंवा मागची एक लाइन फुटली तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक राहतात. १९६६ची गाडी घ्यायला निघाला असतात तर मी यावर वेगळं बोललो असतो. ड्रमच्या जागी पुढे डिस्क बसवण्याची किट तयार मिळतात आणि हाताला सवय असलेला मेकॅनिक हे काम सहज करतो. तेव्हा हा फरक खरा आहे, पण पैशाने भरून निघणारा आहे.

दुसरा फरक जिवाचा आहे. अमेरिकन सरकारचे मोटारींच्या सुरक्षेचे नियम १ जानेवारी १९६८पासून लागू झाले. त्यांत धडकेत स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून तो आत दबणारा हवा, पुढच्या दोन्ही सीटना कमरेच्या पट्ट्याबरोबर खांद्याचा पट्टा हवा, बाजूने दिसणारे दिवे किंवा रिफ्लेक्टर हवेत, अशा गोष्टी होत्या. १९६८ची मस्टँग या नियमांकडे बघूनच बनली. १९६७च्या गाडीत स्टिअरिंगच्या मध्यभागी जाड गादीचा मोठा गोळा दिला होता. तो त्या काळाचा प्रामाणिक प्रयत्न होता, पण एवढ्यावर मी समाधान मानणार नाही.

इथे एक बारकावा आहे आणि बरेच विकणारे तो सांगत नाहीत. '१९६८चं मॉडेल' ऑगस्ट १९६७च्या सुमारास बनायला लागलं. म्हणजे १ जानेवारीच्या आधी बनलेल्या १९६८च्या गाडीला खांद्याचे पट्टे असतीलच असं नाही. चालकाच्या दारावर माहितीची पट्टी असते, त्यावर बनण्याचा दिवस आणि महिन्याचं अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे. आय वगळलेलं आहे, म्हणून सप्टेंबरला जे, ऑक्टोबरला के, नोव्हेंबरला एल आणि डिसेंबरला एम. जर्सीवालीच्या पट्टीवर एच, जे, के, एल किंवा एम दिसलं तर ती १९६७ सालातच बनलेली आहे. अशा वेळी पट्टे आहेत की नाहीत ते छताकडे बघून तपासा. आणि असले तरी ते आजच्यासारखे नाहीत. कमरेचा वेगळा, खांद्याचा वेगळा, दोन निराळी कुलपं, आणि लांबी हाताने जुळवायची. लोक कंटाळून खांद्याचा पट्टा छताच्या क्लिपमध्ये अडकवून ठेवत आणि तो तिथेच राही. मी गिऱ्हाइकाला दोन्ही वर्षांसाठी पुढे नवे तीन बिंदूंचे, आपोआप गुंडाळणारे पट्टे बसवायला सांगतो. म्हणजे पट्ट्यांच्या बाबतीत दोन्ही वर्षं सारखीच होतात, राहतो तो फक्त स्टिअरिंगच्या दांड्याचा फरक.

इंजिनांबद्दल लोक फार वाद घालतात, आणि इथे तो घालण्याचं काही कारण नाही. २८९ आणि ३०२ ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंच. २८९चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, २.८७ इंच, ३०२चा ३ इंच. फायरिंगचा क्रमही एकच. कागदावर कॅलिफोर्नियावालीचं इंजिन २०० अश्वशक्तीचं आणि जर्सीवालीचं २३०चं. पण त्या काळचे आकडे इंजिन स्टँडवर ठेवून, गाडीतला एक्झॉस्ट आणि जोडलेली इतर यंत्रं न लावता मोजलेले असत. चाकाशी पोचणारी ताकद दोन्हींची बरीच कमी आहे. प्रत्यक्ष चालवताना जो फरक जाणवतो तो इंजिनापेक्षा चार गिअरच्या बॉक्सचा असतो. मॅन्युअल बॉक्समुळे ही गाडी जागी राहते, आणि ज्याला रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्याला तो आनंद ऑटोमॅटिकमध्ये तेवढा मिळत नाही. उलट रूट १वर शनिवारच्या गर्दीत तुमच्या डाव्या पायाला तो क्लच नकोसा होईल. चालवणार तुम्ही, तेव्हा हे तुम्हीच ठरवा.

दोन लहान व्यावहारिक गोष्टी. चार बॅरलच्या ३०२चं कॉम्प्रेशन दहास एक आहे, तिला प्रीमियम पेट्रोल द्यावं लागेल. २८९चं ९.३ आहे आणि तिच्यावरचा ऑटोलाइट २१०० हा दोन बॅरलचा कार्ब्युरेटर मला माहीत असलेल्या सगळ्यांत समंजस कार्ब्युरेटरांपैकी एक आहे. एकदा नीट लावला की वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. दुसरं असं की जर्सीवालीत आज बसलेलं ३०२ हे मूळचंच आहे की नंतरच्या एखाद्या फोर्डमधून काढून घातलंय ते बघा. १९८०च्या दशकातल्या ३०२चं फ्लायव्हील वेगळ्या तोलाचं असतं. जुनं फ्लायव्हील नव्या इंजिनावर चढवलेलं असेल तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि विकणारा म्हणतो की जुन्या गाड्या अशाच असतात. जुन्या गाड्या अशा नसतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, चेहरा १९६७चा; ब्रेक, दांडा आणि इंजिन-गिअरची जोडी जर्सीवालीची. दांडा सोडला तर बाकी सगळं पैशाने इकडचं तिकडे करता येतं.

आणि आता मुख्य मुद्दा. जर्सीवाली कागदावर सरस आहे. चार बॅरल, चार गिअर, कारखान्याचे डिस्क. पत्रा सारखाच चांगला असता तर तिची किंमत साध्या ऑटोमॅटिक-ड्रमच्या गाडीपेक्षा स्पष्ट जास्त असायला हवी होती. मग ती सारखी का आहे? विकणाऱ्याला बाजार कळत नाही असं होऊ शकतं. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याला आपल्या गाडीबद्दल जे ठाऊक असतं ते त्या नव्या लाल रंगाखाली असतं.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फरशी, रेल (खालून लांबीने जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळया) आणि काऊल एकमेकांना जोडूनच गाडीचा ताठपणा तयार होतो, त्यामुळे गंज इथे फक्त दिसण्याचा प्रश्न नसतो. १९६५ ते १९६८च्या मस्टँगचं सगळ्यात दुखरं ठिकाण म्हणजे काऊल. बॉनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये जाळीची पट्टी आहे ना, तिच्याखालची बंद पेटी. पावसाचं पाणी त्या पेटीत उतरतं, दोन्ही टोकांनी पुढच्या फेंडरच्या मागून खाली वाहून जातं आणि हवा आत घ्यायची दोन उंच भोकं कोरडी राहतात, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात पानं-कचरा साठतो, ओल टिकते, भोकांभोवतीचा पत्रा आतून सडतो आणि पाणी थेट डॅशबोर्डखाली पायांवर पडतं. तिथून फरशी सडते. पेटी बंद असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही, आणि ती दुरुस्त करायची तर पुढची काच, फेंडर, डॅशची आतली मांडणी काढून ढीगभर स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. हे काम हजारो डॉलरचं आहे.

तपासणी मात्र सोपी आहे. विकणाऱ्याची परवानगी घ्या. पुढचा गालिचा उलटून बाजूला करा. एक जण हातात टॉर्च घेऊन डॅशखाली, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपाशी बघत राहील, दुसऱ्याने जाळीवर बागेच्या नळीने हळूहळू पाणी सोडायचं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन मिनिटं पुरेत. आत थेंबही आला नाही आणि फेंडरमागून पाणी खाली सरळ वाहिलं, तर काऊल ठीक आहे. विकणारा म्हणाला की पाणी नको, आत नवा गालिचा आहे, तर तुमचं उत्तर मिळालं.

मग गाडी लिफ्टवर घ्या. जॅकवर नाही, लिफ्टवर. तासाभराचं भाडं देऊन कुठल्याही गॅरेजमध्ये हे जमतं. पुढच्या आणि मागच्या रेलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला भद्द आवाज करतो. पुढची रेल फरशीला मिळते तिथले टॉर्क बॉक्स, बॅटरीखालचा पत्रा, डिकीच्या दोन्ही बाजूंचे खोलगट भाग, मागच्या चाकांमागचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, या क्रमाने बघा. खाली सगळीकडे ताजा काळा थर मारलेला असेल तर त्याच्या खाली काय आहे असं विचारा आणि रंगाआधीचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे फोटो असतातच, तो दाखवायला उतावीळ असतो. लाल पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा, नाहीतर कापडात गुंडाळलेला हलका चुंबक. चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खाली चुंबक धरत नसेल तर तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी पाप नाही. पंजाएवढ्या जागेत चुंबक धरतच नसेल तर खाली पत्रा उरलेला नाही.

बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर बघा. पुढच्या स्प्रिंगचं सगळं वजन त्यांच्यावर येतं आणि वरच्या आर्मच्या बोल्टपाशी तडे जातात. जोरात चालवलेल्या मॅन्युअल गाडीत जास्त. तडा वेल्ड करता येतो. पण टॉवर आत झुकलेले असतील तर ती गाडी सोडा.

कॅलिफोर्नियावालीसाठीही हीच तपासणी करा. कोरड्या भागात राहिलेली गाडी म्हणजे गंज नाही असा लोकांचा समज असतो, पण समुद्राजवळच्या शहरात वर्षानुवर्षं रस्त्यावर उभी राहिली असेल तर काऊल तिचाही जातो. उन्हाने मात्र तिची रबरं, डॅशची गादी आणि सीटची शिलाई गेलेलीच असेल, ती धरून चाला. त्यांचं मला वाईट वाटत नाही. रबर विकत मिळतं आणि एका दिवसात बसतं. आणि उडालेला मूळ रंग मला नव्या रंगापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याच्याखाली काही लपवता येत नाही.

कागदपत्रांबद्दल. गाडीचा क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, बॉनेट उघडल्यावर फेंडरच्या खाचेतून दिसेल असा ठोकलेला असतो. १९६८च्या गाडीत शिवाय डॅशवर, उजव्या बाजूला, काचेतून दिसणारी पट्टीही असते. पहिला आकडा वर्षाचा. मग कारखान्याचं अक्षर. मग ०२, म्हणजे फास्टबॅक. इथे ०१ दिसलं तर गाडी मूळची कूपे आहे आणि कोणीतरी छत बदललंय. त्यानंतर इंजिनाचं अक्षर. कॅलिफोर्नियावालीवर ७, आर, ०२, सी असं असायला हवं. जर्सीवालीवर ८, बहुधा टी, मग ०२ आणि जे. जे नसून सी असेल तर ती मूळची दोन बॅरलच्या २८९ची गाडी आहे आणि चार बॅरल नंतर आलंय. चालवायला हरकत नाही, पण किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. दारावरच्या पट्टीवर गिअरबॉक्सच्या खान्यात चार गिअरसाठी ५ आणि सी४ ऑटोमॅटिकसाठी डब्ल्यू असतो. ही पट्टी नवी छापून मिळते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या मूळ नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. क्रमांक देऊन, थोडे पैसे भरून ते तुमच्या गाडीचा अहवाल देतात. कोणत्या इंजिन-गिअर-ब्रेकसह, कधी आणि कुठल्या डीलरसाठी ती बनली ते त्यात कळतं. सुदैवाने तुमची दोन्ही वर्षं त्यात बसतात. दोन्ही गाड्यांचा अहवाल बयाणा देण्याआधी मागवा.

कारखान्याच्या अक्षराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टी म्हणजे मेटचेनचा कारखाना. नाव मेटचेनचं, पण तो होता तुमच्या एडिसनमध्ये, रूट १वर, आणि २००४ला बंद झाला. आर म्हणजे सॅन होजे, पण तो कारखाना प्रत्यक्षात मिलपिटासमध्ये होता. १९८३ला तो बंद पडला आणि त्या इमारतीत आज ग्रेट मॉल आहे, जिथे बे एरियातली आपली कितीतरी मराठी मंडळी खरेदीला जातात. जर्सीवालीवर खरोखर टी असेल तर ती तुमच्या घरापासून काही मैलांवर जन्मलेली गाडी आहे. मला अशा गोष्टीचं मोल वाटतं. पण टी असलेल्या गाड्यांनी इथल्याच रस्त्यांवरचं हिवाळ्याचं मीठही खाल्लेलं असतं.

तर माझा निर्णय असा. जर्सीवालीचा काऊल कोरडा निघाला, रेल खणखणल्या, रंगाआधीचे फोटो मिळाले आणि क्रमांकात जे आहे, तर ती घ्या. तुमच्या वापरासाठी ती दोघींत चांगली आहे आणि त्या किमतीला चांगला सौदा आहे. यातली काऊल किंवा रेलची एक जरी गोष्ट फसली तर कॅलिफोर्नियावाली घ्या, तिचा पत्रा खरंच कोरडा असेल तर. मग पैसे या क्रमाने खर्च करा: पुढे डिस्क ब्रेक आणि सगळे नवे होज, नवे पट्टे, स्टिअरिंगचे सांधे, नवे रेडियल टायर, रेडिएटर, वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, दोन वर्षांनी लावला तरी चालेल. दोन्ही गाड्या नापास झाल्या तर दोन्ही सोडा. या दोन वर्षांच्या फास्टबॅक बाजारात येत राहतात. घाई विकणाऱ्याला असते. विमा मात्र आधी ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे अपघात झाला तर कंपनी जुन्या गाडीची घसरलेली किंमत धरणार नाही. बहुतेक क्लासिक गाड्यांचे विमेवाले असा देतात, आणि गाडी रोजच्या कामाला न वापरण्याची अट घालतात.

मुलांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नव्हतं, पण समुद्राच्या सहलीचं वाचल्यापासून ते माझ्या मनात आहे. फास्टबॅकची मागची सीट अरुंद आहे, छत उतरतं आहे, आणि दोन्ही वर्षी तिथे फक्त कमरेचे पट्टे आहेत. न्यू जर्सीत आठ वर्षांखालच्या, ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला हार्नेसची सीट किंवा बूस्टर लागतं. बूस्टर खांद्याच्या पट्ट्याशिवाय वापरता येत नाही. निर्माते तसं स्पष्ट लिहितात, कारण फक्त कमरेच्या पट्ट्यावर धडकेत मूल पुढे फेकलं जातं आणि पट्टा पोटात रुततो. तेव्हा सात वर्षांच्या मुलासाठी दोनच मार्ग आहेत. एक, त्याच्या वजनाला चालणारी आणि कमरेच्या पट्ट्याने बसवता येणारी पाच पट्ट्यांची हार्नेस सीट. दोन, मागे तीन बिंदूंचे पट्टे बसवणं. फास्टबॅकमध्ये वरचा बिंदू छताच्या बाजूच्या मजबूत पट्टीत, मागून जाड पत्र्याची प्लेट वेल्ड करून घ्यावा लागतो. नुसत्या पत्र्यात बोल्ट घालून भागत नाही. हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या आणि ते दहा वर्षांच्या मुलासाठीही करा. दोन्ही गाड्यांच्या किमतीत हा खर्च आत्ताच मिळवून ठेवा, कारण तो झाल्याशिवाय समुद्रावर जाताना मुलांना या गाडीत मागे बसवू नका.